‘कोबाल्ट ब्लू’मधल्या तनयला नेमकं काय हवं होतं? प्रेम, ओळख आणि मनाच्या गरजांची गोष्ट

एका घरात भाऊ आणि बहीण. घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेला एक तरुण. दोघंही त्याच्या प्रेमात पडतात आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. एक दिवस बहीण त्या तरुणासोबत घर सोडून निघून जाते. घर हादरतं. या सगळ्या गोंधळात भाऊ मात्र गप्प असतो. कारण घरातली मुलगी गेली हे सगळ्यांना दिसतंय, पण त्याचा जोडीदार गेला हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीचा हा गाभा. लेखकाने ती विशीच्या सुरुवातीला लिहिली, मराठीत ती २००६ साली प्रसिद्ध झाली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर तिच्यावरचा हिंदी चित्रपट आला. चित्रपटानंतर बऱ्याच जणांनी पुन्हा पुस्तक शोधलं. आणि तनय या पात्राबद्दल एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. तनय त्या पाहुण्याच्या प्रेमात पडला, की घरात न मिळालेलं काहीतरी त्याला त्या खोलीत सापडलं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात एक मोठा गैरसमज लपलेला आहे. तो केवळ पुस्तकापुरता नाही. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत, अगदी रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरही, एखादा मुलगा किंवा मुलगी ‘वेगळी’ आहे हे कळल्यावर पहिला सवाल हाच येतो, “आमचं काय चुकलं?”

म्हणून तनयच्या निमित्ताने दोन गोष्टी सुट्या करून बघू. माणसाच्या मानसिक गरजा म्हणजे काय? आणि लैंगिक ओळखीशी त्यांचा संबंध कुठे असतो आणि कुठे नसतो?

(ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सूचना : पुढे कथानकाचा काही भाग उघड होतो.)

कादंबरी सांगते काय?

पुण्यातलं जोशी कुटुंब. मध्यमवर्गीय, चारचौघांसारखं. आई-वडील, मोठा मुलगा असीम, त्यानंतर तनय आणि अनुजा. घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो. तो चित्रकार आहे. त्याला मागेपुढे कुणी नाही. मनाला येईल तसा जगतो. विशेष म्हणजे संपूर्ण कादंबरीत त्याला नाव नाही.

कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिला भाग तनय सांगतो. पण तो वाचकांशी बोलत नाही, निघून गेलेल्या त्या माणसाशी बोलतो. ‘तू असं केलंस, तू तसं म्हणालास’ या पद्धतीने. दुसरा भाग अनुजाचा, डायरीच्या स्वरूपातला. तो ती परत आल्यानंतरचा आहे. कारण ज्याच्यासोबत ती गेली, तो तिलाही सोडून नाहीसा झालेला असतो.

म्हणजे घटना त्याच, माणूस तोच, पण दोन आठवणी. या दोन भागांमधला फरकच तनयला समजून घेण्याची किल्ली आहे. त्याकडे येण्याआधी थोडं मानसशास्त्र.

मनाला नेमकं काय लागतं?

अन्न, पाणी, निवारा या शरीराच्या गरजा आपल्याला पाठ असतात. मनाच्या गरजांबद्दल अनेक मांडण्या झाल्या. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मांडलेली गरजांची उतरंड शाळा-कॉलेजांत शिकवली जाते. त्यानंतर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला ‘स्वयंनिर्धारण सिद्धांत’ही बराच वापरला जातो. त्यांच्या मते माणसाचं मन निकोप राहायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, आपलेपणा. आपण कुणाचे तरी आहोत, आपलं असणं-नसणं कुणाला तरी जाणवतं, ही भावना.

दुसरी, स्वायत्तता. आपल्या जगण्याचे निर्णय आपण घेतोय, आपण जे करतोय ते आपल्या मनाला पटतंय, ही भावना. इथे एकटं राहणं किंवा कुणाचं न ऐकणं असा अर्थ नाही. कुटुंबात राहूनही माणूस स्वायत्त असू शकतो.

तिसरी, सक्षमता. आपल्याला काहीतरी नीट जमतंय, आपण शिकतोय, पुढे जातोय, ही भावना.

या तीन गरजा सगळ्यांना असतात. स्त्री असो, पुरुष असो, समलिंगी असो, भिन्नलिंगी असो. फरक पडतो तो त्या पूर्ण करण्याच्या वाटा कुणासाठी उघड्या आहेत आणि कुणासाठी बंद, यात. तनयची गोष्ट इथून सुरू होते.

आपलेपणा : भरल्या घरात एकटा

तनयच्या घरात त्याच्यावर कुणी अन्याय करत नाही. त्याला मारहाण होत नाही, उपाशी ठेवलं जात नाही. आई-वडील वाईट नाहीत. तरीही तो घरात एकटा आहे. का?

कारण घरच्यांचं प्रेम ज्या तनयवर आहे, तो तनय अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा कुणी पाहिलेलाच नाही. ‘यांना सगळं कळलं तरी यांचं प्रेम असंच राहील का?’ या प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना मिळणारी माया पूर्ण पोचत नाही. माणसं आसपास असतात आणि तरीही आपलेपणाची गरज भागत नाही, ती अशी.

पाहुण्याच्या खोलीत तनयला पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण पाहतं. म्हणून ती खोली त्याच्यासाठी प्रियकराच्या खोलीहून मोठी होते, त्याचं दुसरं घरच होते. ज्याच्या आयुष्यात स्वतः असण्याची एकच जागा असते, त्याच्या हातून ती गेली तर जोडीदार, मित्र, साक्षीदार आणि घर असं सगळं एकाच दिवशी जातं. तनयचं दुःख एवढं खोल का आहे, याचं एक उत्तर हे.

स्वायत्तता : मोकळीक आहे, पण खोट्या कारणाने

कादंबरीतला एक बोचरा विरोधाभास इथे लक्षात घ्यायला हवा. दोन मुलगे एका खोलीत तासन्‌तास गप्पा मारत बसले, तर मध्यमवर्गीय मराठी घरात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. तिथे अनुजा जाऊन बसली असती तर दोन दिवसांत चर्चा झाली असती. म्हणजे वरवर पाहता तनयला बहिणीपेक्षा जास्त मोकळीक आहे.

पण ती कशामुळे? ‘असं काही असूच शकत नाही’ या घरच्यांच्या समजुतीमुळे. या मोकळिकीला एक किंमत आहे. ज्या दिवशी ते नातं असल्याचं कळेल, त्या दिवशी ती मोकळीक संपेल. तनयला नातं जगता येतं, पण फक्त ते नाकारून.

असं सतत सांभाळत राहण्याचा मनावर ताण येतो. इलन मेयर या संशोधकाने २००३ साली ‘अल्पसंख्याक ताणा’ची सविस्तर मांडणी केली. त्याचा सारांश असा की समलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त दिसते, त्याचं कारण त्यांच्या लैंगिकतेत नसून भोवतालच्या वागणुकीत आहे. टोमणे, भेदभाव, हिंसा हा बाहेरचा ताण. नाकारलं जाण्याची भीती, लपवाछपवी आणि समाजाची घृणा स्वतःबद्दलच खरी मानणं हा आतला ताण. तनयवर बाहेरचा ताण फारसा दिसत नाही. तो आतल्या ताणात जगतो. बाहेरून बघणाऱ्याला त्यामुळे सगळं आलबेल वाटतं.

सक्षमता : प्रेम करायला शिकवतं कोण?

प्रेम जमणं हीसुद्धा एक शिकण्याची गोष्ट आहे. मुलगा-मुलगीच्या प्रेमाचे धडे आपल्याला सिनेमे, गाणी, मालिका, मित्रांच्या गप्पा, चुलतभावाचं लग्न अशा सगळीकडून मिळत असतात. कसं विचारायचं, नकार कसा पचवायचा, समोरचा खेळतोय हे कसं ओळखायचं, ब्रेकअप झाल्यावर कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं. हे सगळं न शिकवता शिकवलं जातं.

तनयच्या पिढीला यातलं काहीच उपलब्ध नव्हतं. इंटरनेट घरोघरी नव्हतं. आसपास सुखाने एकत्र राहणारं दोन पुरुषांचं जोडपं दिसत नव्हतं. त्यामुळे पाहुणा जे देतो तेच प्रेम, तो जसं वागतो तसंच नातं असतं, असं तनय धरून चालतो. ताडून बघायला दुसरं उदाहरणच नसतं. पाहुणा स्वतःबद्दल किती कमी सांगतोय, कुठलाच शब्द कसा देत नाहीये, हे त्याला उशिरा उमगतं. याला भोळेपणा म्हणण्यापेक्षा सरावाचा अभाव म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

मग गरजा भागल्या नाहीत म्हणून तनय ‘तसा’ झाला का?

आता त्या गैरसमजाकडे येऊ. वरचं सगळं वाचून कुणी म्हणेल, बघा, घरात माया कमी पडली, म्हणून मुलगा दुसऱ्या पुरुषाकडे वळला. अनेक पालक हेच धरून बसतात. वडील कडक होते म्हणून, आईने लाडावला म्हणून, होस्टेलला ठेवला म्हणून.

हा तर्क उलटा आहे, आणि ते तपासायला कादंबरीच पुरेशी आहे. अनुजा त्याच घरात वाढली. तेच आई-वडील, तेच संस्कार, तीच शिस्त. तिलाही घरात घुसमट होते, तिलाही मोकळं जगायचं आहे आणि तीही त्याच माणसाकडे ओढली जाते. पण कुणी असं म्हणत नाही की घरात माया कमी पडल्यामुळे अनुजा भिन्नलिंगी झाली! तिचं आकर्षण ‘नैसर्गिक’ धरलं जातं आणि तनयच्या आकर्षणाला कारण शोधलं जातं.

विज्ञान काय सांगतं? लैंगिक कल नेमका कशामुळे ठरतो याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. जैविक घटकांचा वाटा असल्याचे संकेत आहेत. पण पालकत्वाच्या पद्धतीमुळे मूल समलिंगी होतं, याला आधार मिळालेला नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तोच निर्णय घेतला. समलैंगिकता हा आजार नाही, अशी स्पष्ट भूमिका इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१८ साली घेतली.

थोडक्यात, न भागलेल्या गरजांमुळे माणूस समलिंगी होत नाही. पण समलिंगी असल्याचं लपवावं लागलं तर माणसाच्या गरजा भागत नाहीत. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की उपायही चुकतो. मग मुलाला समजून घेण्याऐवजी त्याला ‘दुरुस्त’ करायला नेलं जातं.

तनयच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्याला पुरुषांबद्दल आकर्षण आहे, ही त्याची ओळख. आणि त्याला कुणीतरी पूर्ण ओळखावं अशी भूक आहे, ही त्याची गरज. पाहुणा आला नसता तरी तनय समलिंगीच असता. फक्त कदाचित इतक्या आवेगाने एकाच माणसावर सगळं ओवाळून टाकलं नसतं.

ओळख ठरते कशी?

ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कास यांनी १९७९ साली समलिंगी ओळख घडण्याचे सहा टप्पे मांडले. आधी गोंधळ होतो, ‘मी असा आहे का?’ मग माणूस स्वतःची इतरांशी तुलना करतो. त्यानंतर ती ओळख तो कशीबशी सहन करतो, मग स्वीकारतो, मग तिचा अभिमान बाळगतो. शेवटी ती ओळख बाकीच्या आयुष्यात मिसळून जाते. मी समलिंगी आहे, तसाच मी कुणाचा भाऊ आहे, कुणाचा सहकारी आहे, मला मासे आवडतात, वगैरे.

या मांडणीवर टीकाही झाली. सगळे जण याच क्रमाने जात नाहीत. काही जण मागे-पुढे होतात, काहींना कुठलाच शिक्का नको असतो. शिवाय आपल्याकडे ‘बाहेर येणं’ हे एकट्याचं नसतं. त्यात आई-वडील, नातेवाईक, भावकी, बहिणीचं लग्न असं सगळं गुंतलेलं असतं.

तनयला या शिडीवर कुठे बसवायचं? तो गोंधळलेला नाही. आपल्याला काय वाटतं हे त्याला पक्कं कळलेलं आहे. त्याला स्वतःची लाज वाटते, असंही चित्र नाही. पण त्याच्या ओळखीचा साक्षीदार एकच आहे, आणि तोच निघून गेलेला आहे. म्हणूनच कदाचित त्याचा सगळा भाग ‘तू’ला उद्देशून आहे. दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच नाही.

अनुजाचं दुःख दिसतं, तनयचं दिसत नाही

आता त्या दोन भागांमधल्या फरकाकडे येऊ.

अनुजा पळून जाते, फसवली जाते, परत येते. तिची बदनामी होते. तिच्यावर बंधनं येतात. तिची बाजू सोपी अजिबात नाही. मुलगी म्हणून तिला जे सोसावं लागतं ते तनयच्या वाट्याला येत नाही. पण एक गोष्ट तिच्याकडे आहे. तिचं काहीतरी हरवलंय, हे घराला मान्य आहे. रागाने असो, काळजीने असो, घर तिच्याभोवती गोळा होतं.

तनयचंही तेच हरवलंय. पण त्याला सकाळी उठून चहा प्यायचाय, कॉलेजला जायचंय आणि वर बहिणीची काळजी करणारा भाऊ दिसायचंय. त्याला रडायला कारण नाही, कारण कागदोपत्री त्याचं काही गेलेलंच नाही. त्याला राग येतो तो बहिणीचा की त्या माणसाचा, हेही तो मोठ्याने बोलू शकत नाही.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी अशा दुःखाला १९८९ साली एक नाव दिलं. मराठीत त्याला ‘मान्यता नसलेला शोक’ म्हणता येईल. ज्याचा समाज स्वीकार करत नाही, ज्यावर उघडपणे रडता येत नाही, ज्याच्यासाठी सांत्वनाला कुणी येत नाही, असा शोक. असा शोक लवकर ओसरत नाही, कारण दुःख हलकं व्हायला ते कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

प्रश्न जुना आहे, आणि रत्नागिरीशी त्याचं नातं आहे

‘हे सगळं आजकालचं फॅड’ असं म्हणणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्याच इतिहासात डोकवायला हरकत नाही. दापोली तालुक्यातलं मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे, यांचा जन्म १८८२ साली मुरुडलाच झाला.

र. धों. गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी मुंबईतल्या विल्सन कॉलेजची नोकरी १९२५ साली सोडली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यात वाचक आपल्या लैंगिक शंका पत्राने विचारत आणि र. धों. त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं देत.

या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलैंगिकतेचाही विषय होता. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर का मिळू नये, लैंगिक विषयावर लिहिणं म्हणजे अश्लीलता कशी, अशी बाबासाहेबांची बाजू होती. त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस या ब्रिटिश अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

यातला मुद्दा असा की नव्वद वर्षांपूर्वीही मराठी माणूस हे प्रश्न विचारत होता. तेव्हाही तनय होते. फरक इतकाच की त्यांना कादंबरीत जागा नव्हती. एका मासिकाच्या प्रश्नोत्तरांत, तीही नाव न देता, मिळत होती.

मित्रा ते तनय

मराठी साहित्यात ही जागा हळूहळू तयार झाली. १९८१ साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आलं. दुसऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. त्या काळात हा विषय रंगमंचावर आणणं हे धाडसच होतं. पण त्या नाटकात मित्राचा शेवट आत्महत्येने होतो. तिची गोष्टही आपल्याला तिच्या एका पुरुष मित्राच्या तोंडून कळते.

पुढे पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आली. समलिंगी मुलाची घुसमट, घरच्यांशी संघर्ष आणि माहितीचा अभाव हे तिच्या केंद्रस्थानी आहे.

‘कोबाल्ट ब्लू’ची वाट जरा वेगळी. इथे तनय स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. आणि त्याचा प्रश्न ‘मी असा का?’ हा नाही. त्याचा प्रश्न आहे ‘तू मला सोडून का गेलास?’ हा. प्रेमात हरलेल्या कुठल्याही माणसाचा असतो तोच. समलिंगी पात्राला इतकं साधं, इतकं सर्वसाधारण दुःख देणं ही या कादंबरीची मोठी गोष्ट. आणि तनय मरत नाही, हीसुद्धा.

कायदा बदलला, घर बदललं का?

कादंबरी आली तेव्हा कलम ३७७ लागू होतं. म्हणजे तनयचं प्रेम कायद्याच्या नजरेत गुन्हा होता. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने झालेल्या खासगी संबंधांना त्यातून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे संबंध गुन्हा नसल्याचं एकमताने सांगितलं. समलिंगी विवाहाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही.

मानसिक आरोग्याच्या बाजूने दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलाच्या आधारे उपचारांत भेदभाव करता येत नाही. तसंच एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत बसत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. दुसरं म्हणजे २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांविरोधात निर्देश दिले. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ‘गोळ्या देऊन, शॉक देऊन मुलाला सरळ करतो’ असं सांगणारा डॉक्टर नियम मोडतोय.

पण न्यायालयाचा निकाल जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो. कोकणातला मुलगा शिकायला, नोकरीला मुंबई-पुण्याला जातो आणि तिथे त्याला मोकळा श्वास मिळतो. मग गणपतीला, शिमग्याला घरी आला की “यंदा बघायचं का स्थळ?” हा प्रश्न असतोच. “लग्न लावून दिलं की होईल सगळं नीट” हा सल्लाही असतो. लग्नाने लैंगिक कल बदलत नाही. घुसमटणाऱ्या एका माणसाच्या जागी दोन होतात, आणि दुसरी बिचारी आपलं काय चुकलं ते आयुष्यभर शोधत राहते.

आसपास कुणी तनय असेल तर?

आपल्याला जे कळलंय ते लगेच सगळ्यांना सांगितलंच पाहिजे, असं कुठलंही बंधन कुणावर नाही. घरातून बाहेर काढलं जाण्याची किंवा मारहाणीची भीती असेल तर आधी स्वतःची सुरक्षितता बघणं शहाणपणाचं. पण एक तरी माणूस असा असावा ज्याला पूर्ण गोष्ट माहीत आहे. तनयकडे असा एकच होता, आणि तोच त्याचा प्रियकरही होता. या दोन भूमिका वेगवेगळ्या माणसांकडे असल्या तर एक नातं तुटल्यावर माणूस पूर्ण कोसळत नाही.

मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येतं. रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक. गावात त्याचं नाव अनेकदा चेष्टेत घेतलं जातं, पण नैराश्य आणि चिंता यांवर बोलायला, उपचार घ्यायला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही. उपचार घ्यायचे ते या त्रासावर, लैंगिक कलावर नाही, एवढं पक्कं असावं.

आणि घरच्यांसाठी? मुलाने किंवा मुलीने विश्वासाने काही सांगितलं, तर त्या क्षणी सगळं समजलंच पाहिजे असं नाही. “मला हे नवीन आहे, वेळ लागेल, पण तू माझाच आहेस,” एवढं वाक्य पुरतं. ‘आमचं काय चुकलं’ याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. विचारायचाच तर दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे, ‘इतकी वर्षं तू हे एकट्याने कसं काढलंस?’

जोशींच्या घरात तनयला हा प्रश्न कुणी विचारला नाही. म्हणून त्याला जे बोलायचं होतं ते तो निघून गेलेल्या माणसाशीच बोलत राहिला.